पाण्यावरची झळाळी आणि नंबराचा चष्मा

स्कॉटलंडच्या दक्षिण भागांतून वाहणारी ट्वीड नदी सॅल्मन माशांकरितां जगभर नांवाजलेली आहे. हंगाम आला, कीं गुडघ्या-कमरेइतक्या पाण्यांत उभे राहून गळ टाकणारे शौकीन तिच्या पात्रांत जागोजाग दिसूं लागतात. पाणी नितळ असतें, तळाचे गोटे अगदीं हाताच्या अंतरावर असतात. परंतु सूर्य थोडा वर आला, कीं नदीच्या पाठीवर चांदीचा पत्रा पसरल्यासारखी झळाळी येते आणि तिच्याखालचें सारें जग लुप्त होतें. मासा दिसत नाहीं, ही हानि लहान. पुढच्या पावलाखालीं गोटा आहे कीं डोह आहे, हेंही दिसत नाहीं, ही हानि मोठी.

ज्याची दृष्टि मूळचीच अधू, त्याच्यापुढें हा प्रश्न दुहेरी होऊन उभा राहतो. नंबराचा चष्मा नाकावर ठेवावा, तर झळाळी तशीच राहते. तो काढून उन्हाचा चष्मा लावावा, तर झळाळी जाते, पण तिच्यामागें जें दिसावयाचें तेंच धूसर होतें. एक चष्मा नाकावर व दुसरा खिशांत, अशा ओढाताणींत कित्येकांचे दिवस गेले. ही ओढाताण आज टळूं शकते. परंतु ती टळण्यासाठीं ज्ञानाचे दोन स्वतंत्र ओघ एकत्र यावे लागले. एक ओघ दृष्टिदोष निवारण्याच्या कलेचा, दुसरा प्रकाशाच्या स्वभावाच्या शोधाचा. हे ओघ कोठून निघाले व कोठें मिळाले हें ज्याला ठाऊक आहे, त्याला चष्मेवाल्याच्या दुकानांत काय मागावें हें फारसें शिकवावें लागत नाहीं.

प्रथम दुसऱ्या ओघाकडे वळणें सोयीचें. आइसलँड बेटांत एक पारदर्शक स्फटिक सांपडतो. तो कागदावरील अक्षरांवर ठेवला, तर एका अक्षराचीं दोन अक्षरें दिसतात. कोपनहेगन येथील प्राध्यापक एरास्मुस बार्थोलिन यानें ह्या चमत्काराचें वर्णन १६६९ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें हॉलंडचा थोर शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यानें असे दोन स्फटिक एकामागें एक धरून पाहिले. पहिल्यांतून निघालेला किरण दुसऱ्यांत शिरतांना, स्फटिक जसा फिरवावा तसा कधीं दुभंगे, कधीं दुभंगत नसे. म्हणजे किरणाला जणूं बाजू असतात, असा तो अनुभव होता. १६९० सालच्या आपल्या ग्रंथांत हायगेन्सनें हा प्रकार नमूद केला. परंतु त्याचें कारण आपल्याला उलगडलें नाहीं, हेंही प्रांजळपणें लिहिलें. तें कोडें शंभर वर्षांहून अधिक काळ तसेंच पडून राहिलें.

तें सुटूं लागलें एका खिडकीमुळें. एत्येन लुई मालूस हा फ्रान्सच्या सैन्यांतील अभियंता. नेपोलियनबरोबर तो ईजिप्तच्या मोहिमेवर गेला होता आणि तेथें प्लेगच्या तडाख्यांतून कसाबसा वांचला होता. १८०८ सालीं पॅरिस येथील आपल्या घरांतून तो समोरच्या लुक्झेंबर्ग राजवाड्याकडे पाहत होता. मावळत्या सूर्याचें तेज राजवाड्याच्या तावदानांवरून उलटून येत होतें. हातांतील आइसलँडचा स्फटिक त्यानें सहज डोळ्याशीं धरला, आणि तो फिरवतांच दोन प्रतिमांपैकीं एक मंद होऊं लागली. रात्र पडल्यावर त्यानें मेणबत्तीचा उजेड पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा पाडून तोच प्रयोग केला, आणि पाण्यावरून उलटणारा उजेडही तसाच वागतो असें त्याला आढळलें. आजवर जो गुण केवळ एका दुर्मिळ स्फटिकाचा समजला जात होता, तो साध्या काचेच्या व पाण्याच्या पाठीवर घडत होता. ह्या गुणाला मालूसनें जें नांव १८११ सालीं दिलें, त्यालाच मराठींत ध्रुवण म्हणतात. पुढच्याच वर्षीं, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, तो निवर्तला.

ध्रुवण म्हणजे काय, हें दोरीच्या दाखल्यानें समजतें. खिडकीच्या उभ्या गजांमधून एक दोरी ओवून तिचें टोंक हलविलें, तर वरखालीं हलणारी लाट गजांतून निर्वेध पार जाते; आडवी हलणारी लाट गजांवर आपटून थांबते. प्रकाशाच्या लाटाही आपल्या वाटचालीच्या दिशेशीं आडव्या कंप पावतात, हें ऑग्युस्तें फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्यानें १८२१ च्या सुमारास प्रतिपादिलें. सूर्यापासून येणाऱ्या प्रकाशांत हे कंप सर्व बाजूंनीं होत असतात. परंतु तो प्रकाश सपाट पाण्यावरून तिरपा उलटला, कीं त्यांतील बराचसा भाग पाण्याच्या पाठीशीं समांतर, म्हणजे आडवाच कंपणारा उरतो. उलट माशाकडून व तळाच्या गोट्यांकडून येणाऱ्या प्रकाशांत उभे कंप भरपूर असतात. म्हणून डोळ्यापुढें उभे गज बसविले, तर झळाळी अडेल आणि मासा दिसेल. साध्या काळ्या काचेला हा विवेक नसतो. ती झळाळी जितकी मंद करते तितकाच मासाही मंद करते; दोहोंतील प्रमाण जसेंच्या तसें राहतें. काळा चष्मा आणि ध्रुवक चष्मा यांतील सारा भेद इतकाच आहे.

ही झळाळी नेमकी कोठें पूर्ण पुसली जाते, याचा नियम ट्वीडच्याच मुलखांतील एका पुरुषानें सांगितला. डेव्हिड ब्रूस्टर याचा जन्म १७८१ सालीं स्कॉटलंडमधील जेडबर्ग गांवीं झाला. निरनिराळ्या पदार्थांवरून प्रकाश उलटवून त्यानें १८१५ सालीं दाखविलें, कीं ध्रुवण पूर्ण होण्याचा कोन पदार्थाच्या वक्रीभवनांकावर अवलंबून असतो. पाण्याकरितां हा कोन, उभ्या रेषेपासून मोजल्यास, सुमारें ५३ अंशांचा भरतो. व्यवहारांत त्याचा हिशेब फार सोपा आहे. पाण्यापासून डोळा जितका उंच, त्याच्या एकतृतीयांश अधिक अंतरावर पाहावें. डोळा दीड मीटर उंच असेल, तर दोन मीटर अंतरावरचें पाणी ध्रुवक काचेंतून सर्वांत स्वच्छ दिसतें. त्याहून फार जवळ किंवा फार दूर पाहिलें, तर झळाळीचा कांहीं अंश शिल्लक राहतोच. त्या खास कोनांत पाण्यावर पडलेल्या उजेडापैकीं सुमारें चारच टक्के उलटतो. तरीही माध्यान्हीच्या सूर्याचा तेवढा अंशही डोळे दिपविण्यास पुरेसा असतो.

नियम हातीं आला, परंतु साधन नव्हतें. एडिंबरो येथील विल्यम निकल यानें १८२८ सालीं आइसलँडच्या स्फटिकाचे दोन तुकडे जोडून एक लोलक बनविला. त्यांतून एकाच दिशेचे कंप पार होत. परंतु हा लोलक लहान, जाड व महाग. तो प्रयोगशाळेंत शोभे, नाकावर नव्हे. तरीही ह्या चिमुकल्या लोलकानें समुद्राचें एक रहस्य उलगडलें, आणि त्या प्रसंगाचा मुंबईशीं संबंध आहे. १९२१ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ नांवाच्या आगबोटीनें परत येत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचें नुसतें प्रतिबिंब, असें लॉर्ड रॅले यांच्यासारख्या विद्वानाचें मत होतें. रामन यांनीं निकलचा लोलक डोळ्याशीं धरला, ब्रूस्टरच्या कोनांतून पाण्याकडे पाहिलें आणि वरचें प्रतिबिंब पुसून टाकलें. निळाई गेली नाहीं. ती अधिकच खुलली. ती पाण्याच्या अंतरंगांतून येत होती. ह्या निरीक्षणाचें पत्र त्यांनीं बोट मुंबई बंदरांत असतांना, २६ सप्टेंबर रोजीं लिहिलें व तें ‘नेचर’ या नियतकालिकांत छापून आलें. पाण्याच्या पाठीवरची चकाकी दूर सारून आंत पाहण्याची जी धडपड गळ टाकणारा करतो, तीच ह्या शास्त्रज्ञानें केली. त्या वाटेनें पुढें जातां जातां १९२८ सालीं त्यांच्या नांवाचा विख्यात परिणाम सांपडला आणि १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

लोलकाच्या जागीं पातळ पापुद्रा आणण्याची कथा ब्रिस्टलच्या एका वैद्याच्या घरांत सुरू होते. १८५२ सालीं विल्यम हेरापथ यांच्या एका विद्यार्थ्यानें, क्विनाइन पाजलेल्या कुत्र्याच्या मूत्रांत आयोडिनचे थेंब टाकले. त्यांत बारीक हिरवे स्फटिक तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखालीं हेरापथ यांना दिसलें, कीं दोन स्फटिक एकमेकांवर आडवे पडले, कीं तेथें काळोख होतो. म्हणजे हे स्फटिक ध्रुवक होते. ते मोठे वाढविण्याचे प्रयत्न मात्र फसत गेले, कारण हे स्फटिक अतिशय ठिसूळ होते. हा वृत्तांत वृद्ध ब्रूस्टरनें शोभादर्शकावरील आपल्या पुस्तकांत नोंदवून ठेवला. सुमारें सत्तर वर्षांनीं तें पुस्तक हार्वर्ड विद्यापीठ सोडून आलेल्या एका अमेरिकन तरुणाच्या वाचनांत आलें. त्याचें नांव एडविन लँड.

लँडनें प्रश्नच उलटा केला. एक मोठा स्फटिक वाढविण्याऐवजीं कोट्यवधि सूक्ष्म स्फटिक एका चिकट द्रवांत मिसळून त्या सर्वांचीं तोंडें एकाच दिशेला वळविलीं, तर काम भागणार नाहीं काय? हा प्रयोग यशस्वी झाला आणि एप्रिल १९२९ मध्यें, अवघा एकोणीस वर्षांचा असतांना, त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांची तिरीप नाहींशी करावी, ही त्याची मोठी आकांक्षा होती. ती मोटार-कारखानदारांनीं कधींच पुरी केली नाहीं. पापुद्र्याचें नशीब उघडलें तें एका माशामुळें. १९३४ सालीं अमेरिकन ऑप्टिकल ह्या चष्म्याच्या कंपनीचे अधिकारी बोस्टन येथील एका हॉटेलांत त्याला भेटावयास यावयाचे होते. लँडनें खिडकींत, पुरतें ऊन येईल अशा जागीं, सोनमाशांचें एक भांडें ठेवलें. पाहुणे आल्यावर, झळाळीमुळें मासे दिसत नसतील, अशी दिलगिरी दाखवून त्यानें ध्रुवक पापुद्र्याचा एक तुकडा त्यांच्या हातीं दिला, असें सांगतात. मासे दिसले आणि पुढील वर्षीं करार झाला. १९३७ सालीं लँडच्या व्यवसायाला पोलरॉइड हें नांव मिळालें. १९३८ सालीं त्यानें आणखी सोपी रीति काढली. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नांवाच्या पदार्थाचा पापुद्रा एका दिशेनें ताणावयाचा व त्याला आयोडिन पाजावयाचें. आजचे बहुतेक ध्रुवक चष्मे ह्याच रीतीचे वंशज आहेत.

चांगली दृष्टि असलेल्या माणसाचा प्रश्न येथें सुटला. चष्मा लावणाऱ्याचा सुटला नाहीं, आणि त्याचें कारण पहिल्या ओघाच्या इतिहासांत आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलींत चष्मा जन्मला, तेव्हां त्यांत फक्त जवळचें वाचण्यासाठीं फुगीर भिंगें असत. दूरचें न दिसणाऱ्यांसाठीं खोलगट भिंगें नंतर आलीं. वरच्या अर्ध्या भागांतून दूरचें व खालच्या अर्ध्या भागांतून जवळचें पाहण्याची सोय बेंजामिन फ्रँकलिननें १७८४ च्या सुमारास वर्णिली. परंतु कित्येक डोळ्यांची वक्रता उभ्या व आडव्या दिशेंत सारखी नसते. त्यांना बिंदु बिंदुरूप न दिसतां रेषेसारखा ताणलेला दिसतो. जॉर्ज एअरी ह्या केंब्रिजच्या गणितज्ञाचा डावा डोळा असा होता. त्यानें स्वतःच गणित मांडून, एका बाजूनें दंडगोलासारखें वळण असलेलें भिंग योजलें, इप्सविच येथील फुलर नांवाच्या चष्मेवाल्याकडून तें घासून घेतलें आणि १८२५ सालीं त्यावर निबंध वाचला. आजच्या चिठ्ठीवर सिलिंडरचा जो नंबर लिहितात, त्याचें मूळ हें.

अडचण येथेंच आहे. साध्या गोल भिंगाला वरखालीं असें कांहीं नसतें; तें चौकटींत कसेंही फिरवून बसवितां येतें. एअरीच्या भिंगाला दिशा आहे. तें अमुक अंशावरच बसलें पाहिजे. ध्रुवक पापुद्र्यालाही दिशा आहे. त्याचे गज उभेच राहिले पाहिजेत. एक दिशा माणसाच्या डोळ्यानें ठरविलेली, दुसरी पाण्याच्या सपाटीनें ठरविलेली. दोहोंपैकीं एकही हलवितां येत नाहीं. म्हणून तयार भिंग उचलून चौकटींत बसविण्याची रीति येथें चालत नाहीं. पापुद्र्याची दिशा खुणेनें निश्चित करून तिच्याशीं बरोबर मेळ घालून नंबर घासावा लागतो. शिवाय पापुद्रा नाजूक. उष्णता व ओल त्याला सोसत नाहीं. तो दोन काचांच्या मध्यें दडवावा, तर मोठ्या नंबराचें भिंग जाड व जड होई. १९४७ सालापासून अमेरिकेंत सी. आर. ३९ ह्या हलक्या राळेचीं भिंगें होऊं लागलीं आणि ही वाट मोकळी झाली. पुढें साच्यांत राळ ओततांनाच पुढल्या पृष्ठाशेजारीं पापुद्रा बसवून, मागील पृष्ठावर नंबर घासण्याची पद्धति रूढ झाली. दोन ओघांचा संगम तो हा.

ह्या इतिहासावरून आजची निवड सरळ करतां येते. चष्म्यावर अडकविण्याच्या ध्रुवक काचा स्वस्त मिळतात. ज्याचा नंबर वारंवार बदलतो किंवा जो वर्षांतून दोनचार वेळांच गळ टाकतो, त्याला त्या पुरेशा होतात. परंतु त्या अगदीं सरळ बसल्या पाहिजेत. मालूसच्याच नियमानें हिशेब केला, तर काच ३० अंशांनीं कलली, कीं अडावयाच्या झळाळीचा चौथा हिस्सा डोळ्यांत शिरतो. नंबराच्या चष्म्यावरून घालावयाचा मोठा चष्मा बाजूचा उजेडही अडवितो, म्हणून होडींत तो उपयोगी पडतो. मात्र तो जड असतो आणि दोन भिंगांच्या मध्यें वाफ धरते. जे डोळ्यांतच काँटॅक्ट लेन्स घालतात, त्यांना कोणताही साधा ध्रुवक चष्मा चालतो. ज्याला हा छंद नित्याचा आहे, त्यानें नंबरासह घडविलेला चष्मा घ्यावा, हेंच हिताचें. सिलिंडरचा नंबर असल्यास तो ध्रुवक भिंगांत हवा, हें दुकानांत स्पष्ट सांगावें. नंबर मोठा असेल, तर कानशिलांपर्यंत वळलेली चौकट टाळावी, कारण अशा वळणांत भिंगाच्या कडेला वस्तु वांकड्या दिसतात. चाळिशी लागलेल्यानें जवळच्या नंबराचा भाग विसरूं नये. बारीक दोरा गळाच्या डोळ्यांतून ओवतांना त्याची आठवण होतेच. मागून येणारा उजेड भिंगाच्या आंतल्या बाजूवर चमकूं नये म्हणून त्या बाजूला परावर्तन रोखणारा लेप घ्यावा. रंगाच्या बाबतींत खुल्या समुद्रावर राखी, उथळ नदींत तपकिरी किंवा तांबूस व अंधुक वेळीं पिवळसर, असा सर्वसाधारण पाठ आहे.

चष्मा खरोखर ध्रुवक आहे कीं नाहीं, याची परीक्षा दुकानांतच होते. चकचकीत फरशीवरच्या प्रतिबिंबाकडे भिंगांतून तिरपें पाहावें व भिंग पाव वळसा फिरवावें. झळाळी कमीजास्त न झाली, तर तो नुसताच काळा चष्मा आहे. त्याच रीतीनें दोन ध्रुवक भिंगें एकावर एक आडवीं धरलीं, तर पलीकडे काळोख होतो. हेरापथनें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलेला काळोख तो हाच. ध्रुवण आणि जंबुपार किरणांपासून रक्षण ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून दुसरीची हमी वेगळी विचारून घ्यावी.

एवढें झाल्यावरही पाणी आपलें एक गुपित राखून ठेवतें. ध्रुवक काच झळाळी काढते, वक्रीभवन काढीत नाहीं. सरळ वरून पाहिलें, तर पाण्याची खोली खरीच्या सुमारें तीनचतुर्थांशच भासते, आणि तिरपें पाहिलें तर त्याहूनही कमी. स्वच्छ दिसणारा तळ म्हणून निर्धास्तपणें टाकलेलें पाऊल अपेक्षेहून खोल जातें. तेव्हां दिसूं लागलें म्हणून काठीनें चांचपणें सोडूं नये, हा जुन्या गळकऱ्यांचा शिरस्ता नव्या चष्म्यानें रद्द होत नाहीं.

ब्रूस्टर १८६८ सालीं वारला, तो ट्वीडकांठच्या मेलरोझ गांवाजवळील आपल्या घरीं. ज्या नदीशेजारीं त्यानें अखेरचा श्वास घेतला, तिच्या पाठीवरची झळाळी कोणत्या कोनांत पुसली जाते, हें त्यानें तरुणपणींच जगाला सांगून ठेवलें होतें. तो कोन गळ टाकणाऱ्याच्या नाकावर येण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि अधू डोळ्यांच्या माणसापर्यंत पोंचण्यास त्याहूनही अधिक. आज त्याच पाण्यांत नंबराचा ध्रुवक चष्मा लावून उभा असलेला माणूस पुढचा गोटा पाहून पाऊल टाकतो. मासा गळाला लागो वा न लागो, सायंकाळीं तो कोरड्या काठावर परत येतो.